चाकू आला घरपोच, जाताना झाला 'हत्यार'

ट्रेकसाठी दोन चाकू मागवले होते. एक खिशात मावणारा घडीचा, दुसरा फिक्स्ड ब्लेड. दोन्ही एकाच पोर्टलवरून, दोन्हींवर 'प्रीमियम'चा शिक्का, आणि दोन्ही हातात घेतल्यावर वाटलं की माल तपासून पास करणारा माणूस त्या दिवशी रजेवर असणार.

घडीच्या चाकूचं लवकर आटोपतो. उघडल्यावर लायनर लॉकची, म्हणजे उघडं पातं अडवून धरणारी मुठीतली पट्टी पात्याच्या बुडाशी जेमतेम कडेला टेकत होती. बोटं बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच दाबली की लॉक सटकून चाकू मिटायचा. व्हिडिओ पाठवला, बदलून मिळाला. नवं पातं डावी-उजवीकडे किंचित हलत होतं, ते टॉर्क्सच्या (चांदणीच्या टोकाच्या) चावीने पिव्होटचा, म्हणजे पातं ज्यावर फिरतं तो स्क्रू आवळून बंद झालं. डावी-उजवीकडची हालचाल बहुतेक वेळा स्क्रूने जाते. लॉक बसलेला असताना पातं वर-खाली हलत असेल तर मात्र स्वतः खटपट करू नका, परत द्या.

खरी कटकट फिक्स्ड ब्लेडची. साडेचार इंची पातं, त्यावर 'डी-2' हे पोलादाच्या जातीचं नाव कोरलेलं, जाहिरातीत कडकपणा 58 ते 60 एचआरसी (हे रॉकवेलचं माप, आकडा मोठा तितकं पोलाद कडक). प्रत्यक्षात मुठीची पट्टी आणि पोलाद यांच्यात व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा शिरेल एवढी फट. धारेचा उतार एका बाजूला चांगला रुंद, दुसऱ्या बाजूला टोकाकडे जाता जाता जवळजवळ गायब. एवढंही चालवून घेतलं असतं, पण सुक्या बांबूची काठी तासायला घेतली आणि धार मुडपली. नखावरून पातं अलगद फिरवलं की मधल्या भागात खरखर लागायची.

इथे कंपनीच्या बाजूनेही थोडं बोलतो. कारखान्यात धार लावताना पट्ट्यावर पातं तापलं, तर धारेची बारीक कडा तेवढी मऊ पडते. दोन-तीनदा दगडावर नीट धार लावली की तो थर जातो आणि खालचं चांगलं पोलाद लागतं. त्यामुळे पहिल्याच दिवशी पोलादाला शिव्या घालू नयेत. तसंच डी-2मध्ये सुमारे 12 टक्के क्रोमियम आणि दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असतो, ते पुरतं स्टेनलेस नव्हे. पावसाळ्यात ठिपके पडले तर तो दोष नाही, तेलाचा हात फिरवत राहायचा.

मी धार लावली, पुन्हा लावली. धार पुन्हा मुडपलीच. आणि परत करायची अट काय? तर 'वस्तू न वापरलेल्या स्थितीत हवी'. चाकूचं पोलाद कसं आहे हे न कापता कसं कळावं, ते त्या अटी लिहिणाऱ्याने एकदा येऊन दाखवावं. तरी फट आणि वाकडा उतार हे दोष पार्सल उघडतानाच दिसत होते, त्यांचे फोटो त्याच दिवशीचे होते. त्यावर विनंती मंजूर झाली. मला वाटलं, संपलं.

पिकअपला मुलगा आला. खोका हातात घेतला, 'आत काय आहे काका?' म्हणाला. चाकू म्हटल्यावर खोका परत माझ्या हातात. 'धारदार वस्तू आम्ही घेत नाही, वरून सांगितलंय.' मी म्हटलं, अरे, आणून तुमच्याच कंपनीच्या माणसाने दिला ना? 'ते डिलिव्हरीवाले वेगळे, आम्ही रिटर्नवाले.' तो बिचारा तरी काय करणार. पण तो लिफ्टमध्ये शिरतो न शिरतो तोच माझ्या फोनवर मेसेज: 'ग्राहक पत्त्यावर उपलब्ध नव्हते.' मी दारातच उभा होतो!

कस्टमर केअरला फोन केला. नवीन पिकअप लावून दिला. दुसरा माणूस आला, तेच. पुन्हा मेसेज, पुन्हा 'उपलब्ध नव्हते'. मग एक बाई म्हणाल्या की सर, हे हत्यारात मोडतं, आर्म्स अॅक्ट लागतो. इथे माझं डोकं फिरलं. 2016च्या शस्त्र नियमांत ज्या चाकूंना परवान्याची भानगड आहे ते 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेले वगळलेत. माझं पातं याच्या निम्मं. आणि समजा ते हत्यार असेल, तर तुम्ही विकलं कसं? यावर बाईंनी 'मी तुमची तक्रार पुढे पाठवते' म्हटलं. 'पुढे' म्हणजे कुठे, हे आजतागायत कळलेलं नाही.

या सगळ्यात परत करण्याची मुदत उलटली. पोर्टलवरचं बटणच गेलं. कारण काय दिलं? 'ग्राहकाने वस्तू सुपूर्द केली नाही.'

मग मी हट्टाला पेटलो. भोसरीत हीट ट्रीटमेंटचे, म्हणजे पोलाद तापवून-थंड करून कडक करणारे बरेच कारखाने आहेत, त्यातल्या एकात ओळख निघाली. तिथल्या सुपरवायझरने पातं उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, 'उतारावर नाही मारता येणार, रीडिंग खोटं येतं. मुठीजवळचा सपाट भाग आहे ना, तिथे मारू.' कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल मशीनखाली पातं ठेवलं, हिऱ्याचं टोक टेकवलं, दीडशे किलोचा भार दिला, काटा थांबला. 51. थोडं बाजूला सरकवून पुन्हा मारलं, तेवढंच. सांगितले होते 58 ते 60. 'काका, याला नीट पाणीच दिलेलं नाही,' एवढं बोलून तो पुढच्या कामाला लागला. मला इतका आनंद माझ्या दहावीच्या निकालानेही झाला नव्हता.

रीडिंगचा फोटो पाठवला. उत्तर आलं: 'फोटोंमध्ये उत्पादनावर खड्डे दिसत आहेत, हे नुकसान ग्राहकाकडून झाले असल्याने विनंती अमान्य.' रॉकवेलची चाचणी केली की टाचणीच्या डोक्याहून बारीक खड्डा पडतोच, चाचणी तीच आहे! म्हणजे न तपासता तक्रार केली तर पुरावा नाही, आणि तपासून केली तर नुकसान.

यानंतर मी कस्टमर केअर सोडलं. हे आधीच सोडायला हवं, असं आता कुणी विचारलं की ठासून सांगतो. 1915 लावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. तक्रारीचा नंबर मिळतो आणि ती थेट कंपनीकडे जाते. ही काही कोर्टाची पायरी नव्हे, हेल्पलाइन हुकूम सोडत नाही, पण कंपनीच्या आत मात्र तक्रार वेगळ्या टेबलावर पडते. सोबत मी पोर्टलच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला मेल केला. 2020च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे असा अधिकारी नेमणं आणि त्याचं नाव-संपर्क साइटवर देणं बंधनकारक आहे. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं. त्याच नियमांत असंही आहे की माल सदोष असेल किंवा जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. मेलमध्ये चिडचिड लिहिली नाही, ती सगळी इथे लिहितोय. तिथे फक्त ऑर्डर नंबर, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, 51चा फोटो आणि 'ग्राहक उपलब्ध नव्हते'च्या वेळेचा आमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीतला फोटो, ज्यात मी, तो मुलगा आणि खोका तिघेही दिसतो. माझ्या मते काम त्या फोटोने केलं.

पुढची तयारीही ठेवली होती. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मुदत 2 वर्षांची असते. आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. ती वेळ आली नाही. पैसे पूर्ण परत आले. चाकू कुणी न्यायला आलं नाही, 'तुमच्याकडेच राहू द्या' म्हणाले. हत्यार ना ते!

जाहिरातीचा स्क्रीनशॉट मात्र ऑर्डर करतानाच घ्या. माझ्या तक्रारीनंतर त्या पानावरून '58 ते 60' हा आकडा गुपचूप निघून गेला आणि नुसतं 'हाय क्वालिटी स्टील' उरलं. लोहचुंबक लावून पोलाद ओळखायचा सल्लाही कुणी देईल, तो सोडून द्या. कडक होणारं चाकूचं पोलाद, भारी असो की टुकार, चुंबकाला चिकटतंच.

घेताना शक्य असेल तर दुकानात घ्या. पातं डोळ्यासमोर धरून पाठीवरून टोकापर्यंत सरळ आहे का बघा, दोन्ही बाजूंचे उतार ताडून बघा, मुठीच्या सांध्यावर नख फिरवा. दुकानदार कुरकुर करेल, करू दे. आणि ऑनलाइन परत द्यायची वेळ आलीच, तर पात्याला पुठ्ठ्याची दुहेरी घडी आणि चिकटपट्टी लावून ठेवा, आणि पिकअपवाला नाही म्हणाला की तो दारात उभा असतानाच कस्टमर केअरला फोन लावून स्पीकरवर त्याच्याशी बोलायला लावा. तो गेल्यावर तुम्ही घरी नव्हतात.