सोनकिडा आणि आरसेमहाल

गेल्या श्रावणात एका दुपारी गॅलरीच्या काचेवर टक् असा आवाज झाला. वरच्या मजल्यावरून कोणीतरी खडा टाकला असेल असे वाटून मी जरा रागानेच उठले, तर खाली फरशीवर एक सोनकिडा उताणा पडून पाय हलवत होता. आमच्या इमारतीमागे कालव्याच्या काठाला अजून चार-पाच बाभळी तग धरून आहेत, तिथूनच तो भरकटला असावा. मी त्याला सुलटा केला आणि इतक्या वर्षांनंतरही हात आपोआप काडेपेटी शोधू लागला. घरात काडेपेटी नव्हती, लायटर होता.

आजोळी, सोलापूरकडच्या त्या उघड्याबोडक्या मुलखात, पहिले पाऊस पडून गेले की बाभळींवर सोनकिडे येत. मामेभाऊ काट्यांची पर्वा न करता फांद्यांत हात घालायचा आणि प्रत्येकाला एकेक किडा वाटून द्यायचा. काडेपेटीला सुईने भोके पाडायची, आत बाभळीचा कोवळा पाला अंथरायचा आणि रात्री ती उशाशी ठेवून आतली खरखर ऐकत झोपायचे, हा आमचा नेम होता. सकाळी पेटी हळूच सरकवायची, कारण कधी कधी आत तांदळाच्या दाण्याएवढी अंडी सापडत आणि ज्याच्या पेटीत अंडी, तो दिवसभर सावकारासारखा मिरवत असे. ‘मुका जीव आहे रे, सोडा त्याला,’ असे आजी म्हणायची खरी, पण स्वयंपाकघरातल्या काड्या वाटीत ओतून रिकामी पेटी आम्हांला तीच द्यायची.

माझा किडा तिसऱ्या की चौथ्या दिवशी मेला. पाय पोटाशी घेतलेले होते, पण पाठ मात्र तशीच झळझळीत हिरवी, सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे असलेली. मी पाठीवरचे दोन्ही टणक पंख काढून घेतले आणि भूगोलाच्या पुस्तकात ठेवले. तो हिरवा रंग विटत नाही, कारण त्यात विटण्यासारखा रंग नसतोच. कवचातील अतिशय पातळ थरांवरून परतणारा प्रकाश आपल्याला हिरवा दिसतो, हे पुष्कळ पुढे कळले. १९०३ च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झन यांनी मोरपिसांच्या नक्षीचा जो झगा घातला होता, त्यातल्या प्रत्येक पिसाच्या डोळ्यात असाच एक पंख शिवलेला आहे. झगा शतकाहून जुना झाला, पंख अजून हिरवे आहेत.

ब्रसेल्सच्या राजवाड्यात एक आरसेमहाल आहे. २००२ मध्ये यान फाब्र या बेल्जियन कलावंताने त्याचे छत आणि तिथले एक झुंबर आमच्या सोनकिड्याच्या जवळच्या नातलगांच्या पंखांनी मढवले. पंख आणले आग्नेय आशियातून, जिथे हे किडे आवडीने खाल्ले जातात आणि पंख मागे उरतात. संख्या सांगतात ती सुमारे १४ लाख. मी ते छत फक्त छायाचित्रांत पाहिले आहे. पाहणारा हरखून जावा असेच ते आहे, आणि मीही हरखलेच. परंतु माझी एक जुनी खोड आहे की अफाट असे काही समोर आले की मी त्यात एखादा वाकडा बसलेला तुकडा शोधू लागते. मिरवणुकीतही पथकाकडे न बघता, ज्याचा ठोका चुकतो त्या एकाच ढोलवाल्याकडे माझे लक्ष असते. तेव्हा छायाचित्र जमेल तेवढे मोठे करून मी एक पंख शोधला, मग त्याचा जोडीदार शोधू लागले. तो अर्थातच सापडला नाही. किड्याला असे टणक पंख दोनच असतात, म्हणून १४ लाखांना दोनने भागले. सात लाख काडेपेट्या डोळ्यांसमोर आल्या आणि मी फोन पालथा ठेवला.

कोलंबियाच्या राफाएल गोमेझबारोस याने मुंग्या केल्या. वीतभर नव्हे, चांगल्या हातभर लांब मुंग्या शेकड्यांनी इमारतींच्या भिंतींवर चढवल्या. बोगोटातील संसदेची दर्शनी भिंतही त्यांनी भरून गेली होती. लांबून पाहिले तर झुरळे मारायचे औषध आणावे असे वाटते. जवळ गेले की कळते, मुंगीचे धड म्हणजे माणसाच्या कवटीचे दोन साचे एकमेकांना जोडलेले आहेत आणि पाय म्हणजे जाईच्या वाळक्या काटक्या. यादवीत घरदार सुटून देशभर पांगलेल्या माणसांसाठी त्याने त्या केल्या. मला या मुंग्या फाब्रच्या छताहून अधिक पटतात, कारण त्या जवळ बोलावतात. छताला वर मान करूनच पाहावे लागते.

अर्थात झगमगाटामागे किती जीव गेलेले असतात हे फाब्रलाही कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. पुढे त्याने याच पंखांची बेल्जियमच्या काँगोवरील एक मालिका केली. त्या काँगोत, बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या अमलात, रबरासाठी माणसांचे हात तोडले जात, आणि ते टोपल्या भरून साहेबापुढे ठेवले जात.

गॅलरीतला किडा मी शेवटी वाटीत घालून, वर बशी झाकून, लिफ्टने खाली नेला. वाटेत शेजारच्या छोटीने विचारले, ‘काकू, चावतो का?’ मी नाही म्हणाले. तिने बोट लावून पाहिले आणि लगेच फ्रॉकला पुसले. बाभळीच्या फांदीवर ठेवल्यावर तो उडेल म्हणून मी पुष्कळ वेळ थांबले, पण तो काट्याशेजारी नुसता बसून राहिला आणि पावसाची भुरभुर सुरू झाली.

भूगोलाचे ते पुस्तक दहावीनंतर रद्दीत गेले. पंख काढून घ्यायचे राहिले.