वाढायला कोण घेतंय?

पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात. दुपारी फीस्ट, संध्याकाळी कुलूप. इथे शिकलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. पण सहा महिन्यांसाठी इथिओपियातल्या आदिस अबाबाहून, सुदानातल्या खार्टूमहून किंवा बर्लिनहून आलेल्या मुलांना ते कळतं पहिल्याच रविवारी, भूक लागल्यावर. मी परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवते. आमच्या वर्गाची रविवारची रात्र एरंडवण्यातल्या माझ्या घरी असते, ती त्यामुळेच.

ओळखीच्या बऱ्याच घरांत अशा मुलांना प्रेमाने जेवायला बोलावतात. मग त्यांना सोफ्यावर बसवतात, भाजीतलं तिखट काढून टाकतात, आणि पहिला घास घेतला की सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघत राहतं. हेतू चांगला असतो, पण मला हे पटत नाही. पाहुणा म्हणून बसलेलं मूल ‘छान आहे’ एवढंच म्हणतं आणि निघून जातं. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे: दर रविवारी दोघांनी वाढायला घ्यायचं.

वाढायचं म्हटलं की ताट समजून घ्यावं लागतं. मीठ वर मधोमध. त्याच्या डाव्या हाताला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. समोर भाताची मूद, वर वरण आणि तूप. जेवायचं उजव्या हाताने, त्यामुळे जे सारखं लागतं ते उजवीकडे. डावीकडचं नुसतं तोंडी लावण्यापुरतं. एवढं सांगितलं की मुलं चटणी पळीभर वाढत नाहीत. वर्गात डावा-उजवा, वर-खाली, थोडं-जास्त यांचे तक्ते मी कितीही फळ्यावर लिहिले तरी जे बसत नाही, ते सात-आठ ताटं वाढली की बसतं.

आणि मग आग्रह. बर्लिनची मुलगी आमटीचं भांडं घेऊन सासूबाईंपाशी आली. “आजी, वाढू?” “नको गं.” ती लगेच पुढे निघाली, कारण तिच्या घरी नको म्हणजे नको. सासूबाईंनी तिला परत बोलावलं आणि शिकवलं: तोंडाने नको म्हटलं तर अर्धी पळी वाढायची. वाटीवर हात आडवा धरला तरच थांबायचं. आता ती बोलण्याकडे लक्षच देत नाही, सरळ हात बघते. मराठी घरात वावरायला याहून जास्त उपयोगी पडेल असं मी तरी तिला अजून काही शिकवलेलं नाही.

एक गोष्ट मात्र बोलावण्याआधीच विचारायची, आणि ती मी अगदी कळकळीने सांगते. शेंगदाणे चालतात का? आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट इतकं मुरलेलं आहे की ते घातलंय हेही आपल्या लक्षात येत नाही. काकडीच्या कोशिंबिरीत असतं, भरल्या वांग्यात असतं, साबुदाण्याच्या खिचडीत तर असतंच. ज्याला दाण्याची ॲलर्जी आहे त्याचा जीव धोक्यात येऊ शकतो, ‘थोडंसंच घातलंय’ म्हणून भागत नाही. असं कुणी गटात असलं की त्या रविवारी कूट आणि शेंगदाण्याचं तेल घरात वापरायचंच नाही, कोशिंबिरीला ओलं खोबरं. गव्हाचा त्रास असणाऱ्यासाठी हिंगाची डबी उलटून वाचा. बाजारातल्या बऱ्याच बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं.

मुलांना घेऊन मंडईत जाणं हाही यातलाच भाग. १८८६ साली बांधलेल्या त्या इमारतीचा अष्टकोनी मनोरा सगळ्यांना आवडतो, पण फोटो काढून झाले की पिशव्या त्यांनीच धरायच्या आणि भावही त्यांनीच विचारायचा. मेथीची जुडी ‘कशी दिली’ असं अचूक विचारणारा खार्टूमचा मुलगा भाजीवाल्या मावशींचा इतका लाडका झाला की कोथिंबिरीच्या चार काड्या त्याला फुकटच मिळतात.

हाच मुलगा एका रविवारी भाकरी बघायला ओट्याशी उभा राहिला. सासूबाई मंगळवेढ्याच्या, ज्वारीच्या मुलखातल्या. गरम पाण्याने पीठ भिजवून त्या तळहाताच्या टाचेने रगडून मळत होत्या. त्याने चिमूटभर कोरडं पीठ उचललं, बोटांत चोळलं, वास घेतला आणि म्हणाला, हे आमच्याकडे आहे. सुदानात ज्वारीचं पीठ आंबवून पातळ किसरा करतात, तापलेल्या तव्यावर पसरून. मी त्याला आणि सासूबाईंना एकदमच सांगितलं की ज्वारी मूळची तिकडचीच. पूर्व सुदानात सुमारे ५००० वर्षांपूर्वी तिची लागवड होत असल्याचा पुरावा सापडला आहे, आणि बाजरी-नाचणीही आफ्रिकेतूनच आपल्याकडे आल्या. जन्मभर ज्वारी म्हणजे मंगळवेढा असं मानलेल्या सासूबाईंनी थापता हात थांबवला. “मग लेकरा, तुमचंच धान्य की रे,” म्हणाल्या, आणि पहिली फुगलेली भाकरी त्याच्या ताटात टाकली.

सगळ्यात मोठा बदल आदिस अबाबाच्या मुलीने केला. आपल्याकडे पंगत एक, पण ताट ज्याचं त्याचं. उष्ट्याचा नियम कडक. तिच्या घरी मोठ्या थाळीत इंजेरा, म्हणजे टेफ या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेली मोठी आंबोळी, पसरतात, वर कालवणं, आणि सगळे त्याच थाळीत जेवतात. शिवाय आपल्या हाताने घास करून दुसऱ्याला भरवायचा. त्याला गुर्शा म्हणतात, तो मानाचा असतो. हे तिने सांगितलं नाही, केलं. भाकरीचा तुकडा, त्यात झुणका, नीट गुंडाळला आणि सासूबाईंच्या तोंडापुढे धरला. वाढताना डावाला ताटाचा स्पर्श झाला तरी चालत नाही अशा त्या! मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी आ केला. घास मोठा होता, चावायला वेळ लागला. मग त्यांनीही एक घास करून तिला भरवला.

तेव्हापासून महिन्यातला एक रविवार परातीचा. टेफचं पीठ आम्हाला इथे मिळालं नाही, म्हणून ती तांदूळ-उडदाचं पीठ चांगलं आंबवून आंबोळ्या घालते आणि परातभर पसरते. वर मसुरीच्या डाळीचं घट्ट कालवण, बाजूला आमची मेथीची भाजी. त्या दिवशी वाढायला ती घेते आणि नियम तिचे असतात. कालवणाचा कांदा ती आधी तेलाशिवायच परतते, मंद आचेवर, अगदी लगदा होईपर्यंत. तेल नंतर. सासूबाई पहिल्यांदा “अगं लागेल ना खाली!” म्हणून तेलाची बरणी घेऊन धावल्या होत्या. आता म्हणतात, वांग्याच्या भाजीला असाच कांदा करून बघू, फक्त पातेलं जाड बुडाचं हवं.