बर्फात १.८ अंश : माझ्या एमएस्सी प्रोजेक्टचा अनुभव

थर्मासमध्ये कुटलेला बर्फ, त्यात उभा खोचलेला मी बनवलेल्या थर्मामीटरचा प्रोब, आणि डिस्प्लेवर आकडा १.८. पाच मिनिटं थांबले, दहा मिनिटं थांबले, आकडा जागचा हलेना. वितळणारा बर्फ शून्य अंशालाच असतो हे शाळेपासून पाठ आहे. मग हे १.८ आलं कुठून? या एका आकड्याने मला आठ दिवस नीट झोपू दिलं नाही. एमएस्सी फिजिक्सला ज्यांना इन्स्ट्रुमेंटेशन हा विषय घ्यायचाय, त्यांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी कळव्याची. कॉलेज ठाण्यात. बाबा आयटीआय झालेले इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी आयुष्यभर नोकरी केली, आता घरी असतात. लहानपणी जेवताना ‘झीरो’, ‘स्पॅन’ (मीटरचा खालपासून वरपर्यंतचा पल्ला), ‘लूप’ (करंट फिरतो तो बंद मार्ग) हे शब्द कानावर पडायचे, पण ते माझ्या फिजिक्सचे शब्द आहेत असं कधी वाटलं नव्हतं. माझं फिजिक्स म्हणजे श्रोडिंगर, मॅक्सवेल. तिसऱ्या सेमिस्टरला स्पेशल पेपर निवडायची वेळ आली तेव्हा इन्स्ट्रुमेंटेशन घेतलं ते मॅडम चांगल्या शिकवतात एवढ्याच कारणाने.

अभ्यासक्रम मोठा होता. सेन्सर्स, सिग्नल कंडिशनिंग (सिग्नल मोजण्याजोगा करणं), नॉइज, व्हॅक्यूम, कंट्रोल. व्हॅक्यूमचं प्रॅक्टिकल एकच झालं, रोटरी पंप आणि निर्वात मोजणारं पिरानी गेज. नॉइजमध्ये बुडालेला सिग्नल शोधणारा लॉक-इन अँप्लिफायर फळ्यावरच राहिला. पण चौथ्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टने सगळी कसर भरून काढली. मॅडमनी विषय दिला तो ऐकायला अगदी साधा होता: ० ते १०० अंश सेल्सिअस मोजणारं थर्मामीटर बनवायचं, आणि ते किती चुकतं हे सांगायचं. पहिलं वाक्य मी वहीत लिहून घेतलं. दुसरं लिहायचं राहिलं.

सेन्सर पीटी-१००, म्हणजे प्लॅटिनमचा रेझिस्टर. शून्य अंशाला बरोबर १०० ओहम, शंभर अंशाला १३८.५१ ओहम. कॅलेंडर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८७ च्या सुमारास प्लॅटिनमचा थर्मामीटर भरवशाचा असतो हे दाखवून दिलं, आणि आजही कारखान्यांत तो सगळीकडे आहे. अंशाला फक्त ०.३९ ओहमचा फरक पकडायचा असतो. त्यासाठी व्हीटस्टन ब्रिज, म्हणजे चार भुजांचं लहान फरक पकडणारं सर्किट, आणि पुढे अँप्लिफायर.

पहिलं सर्किट मी लॅबमध्ये हाताशी होता त्या ७४१ ऑप-अँपवर (सिग्नल मोठा करणारी साधी चिप) केलं. सिग्नल मोठा मिळावा म्हणून सेन्सरमधून १० मिलिअँपिअर करंट सोडला. सगळं जुळलंय असं वाटत होतं, आणि लॅबमधल्या काकांनी पंखा बंद केला. आकडा हळूहळू चढायला लागला. पंखा लावला की उतरायचा. खोलीचं तापमान दोन मिनिटांत एवढं बदलणं शक्यच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, “आय स्क्वेअर आर काढ.” म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, सेन्सरमध्ये तयार होणारी उष्णता: १० मिलिअँपिअर आणि १०० ओहम, म्हणजे १० मिलिवॉट. एवढ्याशा प्लॅटिनमला स्थिर हवेत ते पुरेसं असतं. माझा थर्मामीटर स्वतःच स्वतःला तापवत होता, आणि पंखा लागला की ती उष्णता वाहून जात होती.

करंट १ मिलिअँपिअरवर आणला. उष्णता शंभर पटीने कमी झाली, पण सिग्नलही दहा पटीने लहान झाला: अंशाला जेमतेम ०.३९ मिलिव्होल्ट. आता ७४१ उघडा पडला. त्याचा स्वतःचा ऑफसेट व्होल्टेजच (सिग्नल शून्य असतानाही येणारी चूक) एक-दोन मिलिव्होल्ट, म्हणजे तीन ते पाच अंश! पॉट, म्हणजे कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, फिरवून सकाळी तो शून्य करायचे आणि दुपारी लॅब तापली की तो पुन्हा सरकलेला असायचा. आठवडाभर रोज पॉट फिरवल्यावर पटलं की ही चिप या कामाची नाही.

मग लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. ठाण्याहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. एडी६२० हा इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर घेतला. त्याचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होणार ते, एकाच रेझिस्टरने ठरतो: ४९.४ किलोओहमला त्या रेझिस्टरने भागायचं आणि एक मिळवायचा. मला १०० गेन हवा होता, म्हणून ४९९ ओहम. काउंटरवरचे काका म्हणाले, “४७० घेऊन जा गं, काय फरक पडतो?” ४७० ने गेन १०६ येतो. मी तसं म्हटल्यावर त्यांनी काही न बोलता मागच्या खणांमधून एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर शोधून दिले, पाच नग. ते पाकीट परतीच्या गाडीत मी मुठीत धरून बसले होते.

आणि मग ते १.८.

आधी वाटलं, बर्फाचा दोष. बाजारातून आणलेला बर्फ, त्यात काय काय मिसळलेलं असणार. पण पाण्यात क्षार असले तर ते शून्याच्या खाली गोठतं, वर नाही. तरी शंका नको म्हणून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं, घरच्या फ्रीजमध्ये ट्रे लावले. आई म्हणाली, “माझे मटार काढून तुझं पाणी ठेवतेस होय?” पण मटार तिनेच हलवून दिले. सकाळी बर्फ थर्मासमध्ये भरून, टॉवेलमध्ये गुंडाळून कॉलेजला न्यायचे. आइस बाथचीही एक रीत आहे, ती मॅडमनी हाताने करून दाखवली. बर्फ अगदी बारीक कुटायचा, गार डिस्टिल्ड पाणी त्यात मुरवायचं, जास्तीचं काढून टाकायचं. बर्फ पांढरा दिसत असेल तर त्यात हवा आहे. तो करडा, पाणीदार दिसायला लागला की बाथ तयार. प्रोब तळाला टेकवायचा नाही, कारण वितळलेलं पाणी तळाला जमतं.

एवढं सगळं केलं. आकडा १.८.

त्या रात्री जेवताना मी गप्प होते. बाबांनी विचारलं तेव्हा सांगितलं. त्यांनी ताटावरून मान वर न करता विचारलं, “वायर किती लांब आहे?”

“तीन मीटर. प्रोब खिडकीजवळच्या टेबलावर असतो ना.”

“आणि वायरचा रेझिस्टन्स किती?”

मी म्हटलं, “बाबा, वायर आहे ती. तिचा कसला रेझिस्टन्स?” बोलता बोलताच मला कळलं की मी काय बोलले. तांब्यालाही रोधकता असते हे मी बारावीच्या मुलांना शिकवणीत शिकवते. दुसऱ्या दिवशी पहिलं काम तेच केलं. प्रोबच्या टोकाला दोन्ही वायरी जोडून मल्टिमीटर लावला. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा केला. उरले ०.७ ओहम: जाऊन-येऊन सहा मीटर बारीक वायर आणि ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता सर्किट जोडायच्या पट्टीच्या) ढिल्या भोकांचा थोडा वाटा. ०.७ भागिले ०.३९. उत्तर १.८.

वहीत तो भागाकार आहे, त्याला मी लाल पेनने चौकट केली आहे. सर्किट खोटं बोलत नव्हतं. त्याला जेवढा रेझिस्टन्स दिसत होता तेवढाच ते सांगत होतं. प्लॅटिनमचा कुठला आणि तांब्याचा कुठला हे त्याला कसं कळावं?

आता सोपा उपाय म्हणजे प्रोग्रॅममध्ये १.८ वजा करून टाकायचं. मी बाबांना तसं म्हटलं. ते म्हणाले, “आणि उद्या कोणी वायर बदलली तर? तुझा मीटर खोटा पडला आणि त्याला पत्तापण नाही.” मग त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेनाने ब्रिज काढून दाखवला. सेन्सरकडे दोनऐवजी तीन सारख्या वायरी न्यायच्या. पहिली वायर सेन्सरच्याच भुजेत येते, दुसरी शेजारच्या भुजेत. दोघींचा रेझिस्टन्स सारखा, त्यामुळे ब्रिजमध्ये तो एकमेकांना मारतो. तिसरी फक्त सेन्सरच्या टोकापर्यंत पोचण्यासाठी. पुस्तकात ही आकृती मी पाहिली होती, परीक्षेत काढलीही होती. पण ती आकृती कुठल्या त्रासातून जन्माला आली हे बाबांच्या बोटाखाली दिसलं. कंपनीत शेकडो मीटर लांब केबल असायची, तेव्हा तर ते सिग्नल व्होल्टेजमध्ये पाठवायचेच नाहीत, ४ ते २० मिलिअँपिअरचा करंट पाठवायचे, कारण एकाच लूपमधला करंट वायर कितीही लांब असली तरी सगळीकडे सारखाच. “बारा आला की निम्मं,” ते म्हणाले. “आणि शून्य आला तर वायर तुटली. म्हणून तर चारपासून सुरू करतात.” दोन वर्षं मी ज्याला अप्लाइड फिजिक्स म्हणत होते ते आमच्या घरात तीस वर्षं जेवणाच्या ताटावर होतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं.

ब्रेडबोर्ड सोडला, जनरल पर्पज बोर्डवर सगळं सोल्डर केलं, तीन वायरी ओढल्या. बर्फात ०.१ आलं. मी लॅबमधल्या काकांना बोलावून दाखवलं.

पुढचं संकट ५० हर्ट्झ. आकडा शेवटच्या घरात सारखा नाचायचा. डीएसओवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या डिजिटल ऑसिलोस्कोपवर) पाहिलं तर २० मिलिसेकंदाची सुरेख लाट, म्हणजे भिंतीतल्या मेन्सची (५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याची) छाया. वायरी एकमेकींत पिळून शील्ड (बाहेरचं धातूचं आवरण) असलेली केबल लावली. शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केली तर हम, म्हणजे मेन्सची ही थरथर, उलट वाढला, एकाच टोकाला केल्यावर गेला. उरलासुरला प्रोग्रॅमने काढला: एक मिलिसेकंदाच्या अंतराने शंभर वाचनं घ्यायची आणि सरासरी काढायची. १०० मिलिसेकंदांत मेन्सची बरोबर पाच आवर्तनं बसतात, वर-खाली सगळं फिटतं. ९० वाचनं घेतली तर अर्धं आवर्तन शिल्लक राहतं आणि थरथर परत येते. मी दोन्ही करून पाहिलं, आलेख रिपोर्टला जोडला.

शंभर अंशासाठी वाफ. तिथेही लगेच १०० लिहायचं नसतं. लॅबमधल्या, हवेचा दाब दाखवणाऱ्या फोर्टिन बॅरोमीटरवर त्या दिवशी ७५६ मिलिमीटर होतं, प्रमाण मानलेले ७६० नव्हे. मिलिमीटरला साधारण ०.०३७ अंश, म्हणजे पाणी ०.१५ अंश आधीच उकळतं. दोन टोकं पक्की झाली तरी मधे, पन्नासच्या आसपास, माझा मीटर अर्ध्या अंशाहून थोडं जास्त दाखवत होता. प्लॅटिनमचा आलेख सरळ रेषा नसतो, किंचित वाकलेला असतो: पन्नासला तो रेषेपेक्षा ०.३८ अंशाएवढा वर असतो. उरलेला वाटा ब्रिजचा, कारण सेन्सरचा रेझिस्टन्स वाढला की करंट जरासा घटतो. दोन्ही समीकरणं प्रोग्रॅममध्ये घातली. ज्या दिवशी कागदावर काढलेला बाक आणि मोजलेला बाक एकावर एक बसले, त्या दिवशी मी स्टेशनपर्यंत रिक्षा न करता तलावपाळीवरून चालत गेले. घाई नव्हती.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी सर्किटबद्दल फार विचारलं नाही. डिस्प्लेकडे बघून म्हणाले, “३१.४ दाखवतोय. यातल्या किती आकड्यांवर तुमचा विश्वास आहे?”

मी वही उघडली. एडीसीची (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाची) एक पायरी ०.१३ अंशाची. बाथमध्ये प्रोब जागा बदलून ठेवला तर वाचनांत पडणारा फरक. बर्फ आणि वाफ या दोन बिंदूंचीच अनिश्चितता. दहा-दहा वेळा घेतलेल्या वाचनांचं प्रमाण विचलन, म्हणजे ती किती विखुरली ते. सगळ्यांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ, दुप्पट. “सर, अधिक-उणे ०.३. म्हणजे ३१ वर पूर्ण, दशांशावर अर्धवट.”

“मग दशांश दाखवता कशाला?”

“तापमान चढतंय की उतरतंय हे त्यावरून कळतं. किती चढलं ते मी ०.३ च्या आत सांगणार नाही.”

त्यांनी मान डोलावली आणि बर्फ कसा केला ते विचारलं. करड्या रंगाबद्दल सांगताना मी जरा जास्तच बोलले असेन, पण त्यांनी थांबवलं नाही.

प्रोजेक्ट डिपार्टमेंटच्या कपाटात ठेवायचा असतो. ठेवण्याआधी बाबांनी सांगितल्याप्रमाणे खोक्यावर एक चिठ्ठी चिकटवली, कंपनीत ते प्रत्येक मीटरवर चिकटवायचे तशी. झीरो कधी तपासला, स्पॅन कधी तपासला, अनिश्चितता किती, कोणी केलं. खाली ‘पुढचं कॅलिब्रेशन’, आणि बरोबर एक वर्षानंतरची तारीख. यंदा ज्युनियरपैकी एकीने हा पेपर घेतलाय. तिला डिस्टिल्ड वॉटर कळव्यात कुठल्या दुकानात मिळतं ते सांगून ठेवलंय.