मास्क विकणाराच खोकत होता

ऑगस्ट २००९, मी तेव्हा सदाशिव पेठेत एका मेडिकलमध्ये कामाला होतो. ३ तारखेला पुण्यातली एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने गेली, देशातला पहिला मृत्यू, आणि दोन दिवसांत गावाची रयाच गेली. ज्याच्या त्याच्या तोंडाला रुमाल, नायडू हॉस्पिटलसमोर ही मोठी रांग, आणि आमच्या शटरबाहेर दुसरी.

त्यातच एका सकाळी उठलो तर अंग मोडून आलेलं, घसा खवखवत होता. पण एवढ्या गर्दीत सुट्टी कुठल्या तोंडाने मागणार, म्हणून पॅरासिटामॉल गिळली नि गेलो. (गोळीने ताप उतरतो, विषाणू कुठे जातो? औषधं विकणाऱ्याला हे कळू नये म्हणजे कमाल आहे.)

दहाच्या आत मास्क संपले, मग लोक निलगिरीचं तेल नेऊ लागले, मग कापूर. टॅमिफ्लू, म्हणजे स्वाइन फ्लूवरची गोळी, तिच्यासाठी तर भांडणं. ती तेव्हा दुकानात मिळतच नव्हती, सरकारी दवाखान्यातूनच देत होते, पण ऐकतंय कोण, एकजण म्हणतो मागून काढून दे, वर पैसे घे. दुसऱ्याला अँटिबायोटिक घरात भरून ठेवायचं होतं, त्याला सांगितलं अहो व्हायरसला ते लागू पडत नाही, हात साबणाने धुवा नीट. आणि हे शहाणपण सांगता सांगता मी तळहातात खोकत होतो आणि त्याच हाताने सुट्टे परत देत होतो.

रांगेतल्या एक आजी, आमच्या नेहमीच्या, रिटायर्ड नर्स, थेट म्हणाल्या, "इकडे बघ रे. ताप आहे ना तुला?"

"नाही हो आजी, जागरण झालंय."

"तीस वर्षं वॉर्डात काढलीत मी, मला नको सांगूस. थर्मामीटर लाव."

दुकानातलाच नवा काढला. १०१.५. रांग अशी झपकन मागे सरली म्हणता, एरवी "मागे व्हा मागे व्हा" ओरडून घसा बसायचा! मालकांनी लगेच घरी पिटाळलं.

जाताना आजींनी बजावलं, पडून राहा, पाणी-पेज घेत राहा, दम लागला, छातीत दुखलं किंवा उतरलेला ताप परत चढला तर लगेच दवाखाना. मग विचारलं, घरी कोण कोण असतं? मी म्हटलं आई आणि बायको, बायकोला सातवा महिना. त्या काही बोलल्याच नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. तेव्हा पोटात जो खड्डा पडला ना, तो अजून आठवतो.

मी बाहेरच्या खोलीत, खिडकी उघडी, तोंडाला रुमाल, ताट-भांडं वेगळं. आई ताट दारात ठेवून मागे जायची. बायकोच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, हिला ताप आला तर एक दिवसही थांबू नका. मग काय, रात्री तीन-तीनदा दाराआडून विचारायचो, अंग गरम नाही ना? चौथ्या रात्री ती वैतागून म्हणाली, मला झोपू द्याल का आता! तिला शेवटपर्यंत काही झालं नाही, नशीब. मला झालेला तो स्वाइन फ्लूच होता का ते कधी कळलं नाही, तपासणी केलीच नव्हती.

गोळी न घेता ताप येईनासा झाल्यावरही दोन दिवस घरीच थांबलो, मग कामावर. आजी बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या, तब्येत विचारली, हसल्या, आणि सुट्टे पैसे माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवले.