कुणाच्या तोंडून सांगू?

‘महाभारतावर कादंबरी लिहायची आहे. कर्णाच्या तोंडून सांगू की द्रौपदीच्या?’ लिहू लागलेली मंडळी हे हमखास विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा तपशिलात सांगते.

आवडत्या पात्रापासून सुरुवात करू नका. आधी एक कागद घ्या, अठरा पर्वांच्या अठरा ओळी आखा. मनातल्या पात्रासाठी प्रत्येक पर्वापुढे लिहा: ते तिथे हजर होतं, नंतर त्याच्या कानावर आलं, की त्याला कळलंच नाही? बलराम घ्या. तो तीर्थयात्रेला निघून जातो आणि 42 दिवसांनी परततो, तो थेट भीम-दुर्योधनाच्या गदायुद्धाला. त्याच्या तोंडून कुरुक्षेत्र सांगायचं तर बाकीचं सगळं युद्ध ऐकीव.

द्रौपदीनं फासे पडताना पाहिलेच नाहीत. ती अंतःपुरात होती. पण माझ्या हाती येणाऱ्या नवोदितांच्या बहुतेक हस्तलिखितांत ती शकुनीच्या बोटांचंही वर्णन करते! तिचा प्रसंग सुरू होतो तो दुर्योधनाचा निरोप्या प्रातिकामी दाराशी येतो तिथून. ‘आधी स्वतःला हरलात की मला?’ या तिच्या प्रश्नाची धार तिनं काही पाहिलेलं नाही यातच आहे. तिला डाव दाखवलात की तो प्रश्न नुसता युक्तिवाद होतो.

म्हणून माझं मत असं, की निवेदक त्याच्या दुःखावरून निवडू नका, त्याला काय ठाऊक नाही यावरून निवडा. कर्णाच्या जन्माचं गुपित कुंतीला पहिल्या दिवसापासून माहीत. कर्णाला ते उद्योगपर्वात कृष्णाकडून कळतं. युधिष्ठिराला कळतं ते युद्ध संपल्यावर, स्त्रीपर्वात, मृतांना जलांजली देताना. गुपित एकच, पण कादंबऱ्या तीन. कुंतीला ‘मी’ म्हणून बोलायला लावून शेवटपर्यंत ते लपवलंत, तर वाचकाला फसवल्यासारखं वाटेल, आणि ते रास्तच आहे. तिला पहिल्याच पानावर सांगू द्या. मग ओढ राहते ती ‘मुलांना कधी सांगणार?’ याची.

नावांवरही नजर ठेवा. त्याच माणसाला राधा वसुषेण म्हणेल, भीम सूतपुत्र म्हणेल, दुर्योधन अंगराज. युधिष्ठिराच्या निवेदनात चुकून ‘कौंतेय कर्ण’ आलं, की स्त्रीपर्वातला घाव आधीच बोथट झाला.

दृष्टिकोन बदलला की घटनाच कशी बदलते, हे मूळ ग्रंथातच दिसतं. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा भांडारकर संस्थेच्या चिकित्सित (अनेक हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या) आवृत्तीत कथा सांगणारा वैशंपायन हसणाऱ्यांची नावं घेतो: भीम, अर्जुन, नकुल, सहदेव. सेवकही हसतात. द्रौपदीचा उल्लेख नाही. पुढे दुर्योधन बापाला तीच हकिकत सांगतो, तेव्हा मात्र द्रौपदी इतर स्त्रियांसह हसलेली असते. (‘आंधळ्याचा पुत्र आंधळा’ हे वाक्य तर या आवृत्तीत कुणाच्याच तोंडी नाही.) कोण खोटं बोलतंय हे ठरवू नका. दुर्योधनाला ते हसू ऐकू आलं, एवढं त्याच्या निवेदनाला पुरतं.

सगळं दिसणारा निवेदक हवा असेल तर संजयाकडे नीट बघा. व्यासांच्या वरामुळे त्याला इतरांच्या मनातलंही कळतं. तरी तो कोरडा होत नाही, कारण समोर कौरवांचा बाप, धृतराष्ट्र, बसलाय. दहाव्या दिवशी तो आधी ‘भीष्म पडले’ एवढंच सांगतो, कसे पडले ते मागाहून. दुर्योधन गेल्यावर त्याची ती दृष्टीही जाते. तेव्हा ‘कोण सांगतंय’ याच्याइतकंच ‘कुणाला सांगतंय’ हेही वहीत लिहा. ऐकणारा नसला की प्रथमपुरुषी निवेदन हटकून वकिली करू लागतं. कर्णाच्या बाबतीत तर फारच.

शिवाय कर्ण सतराव्या दिवशी पडतो. पुढचं कोण सांगणार, हे पहिलं प्रकरण लिहिण्याआधी ठरवा. ‘मृत्युंजय’मध्ये निवेदक अनेक आहेत, आणि शेवट कृष्णाकडे आहे.

एवढं करूनही दोन नावांत अडलात, तर द्यूतसभा 300 शब्दांत तीनदा लिहा: द्रौपदी, दुर्योधनाचा भाऊ विकर्ण आणि तो निरोप्या प्रातिकामी. विकर्ण सभेत उठून बोलला खरा, पण पुढे लढला कौरवांच्याच बाजूनं. त्याचे 300 शब्द लिहिताना तुमची लेखणी कुठे अडखळते, ते मला कळवा.