आमची वाटचाल : गाळणी, स्प्रिंग आणि पेटंट

आम्ही पाण्याच्या गाळण्या बनवतो. आधी दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर नुसतं जॉबवर्क करायचो. जाळीवर गाळ साचला की गाळणी उघडून ब्रशने घासा, ही प्रत्येक गिऱ्हाइकाची रड. आमच्या फिटरने आत पाण्याच्या जोरावर फिरणारी एक पट्टी बसवली. तिच्या मागे स्प्रिंग, म्हणून झिजली तरी पट्टी जाळीला टेकलेलीच.

नमुना प्रदर्शनात मांडायची घाई होती. पेटंट एजंट म्हणाले, "आधी अर्ज, मग स्टॉल." अर्जाआधी चारचौघांत दाखवलेली वस्तू कायद्याला नवी वाटत नाही. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला सवलत असते, पण हे तसलं नव्हतं. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज केला, पूर्ण तपशिलाला 12 महिने मिळाले. शोधक म्हणून नाव फिटरचं, हक्क फर्मकडे.

पेटंट कार्यालयाच्या परीक्षण अहवालात आक्षेप आला : पेटंट कायद्याचं कलम 3(एफ), ओळखीच्या वस्तूंची नुसती जुळवाजुळव. उत्तरात आम्ही पानंच्या पानं स्प्रिंगवर लिहिली. खरी करामत तिचीच म्हणून. पेटंट मिळालं.

मग बाजारात एका मोठ्या उत्पादकाची गाळणी आली. टेबलावर उघडली. तोच दांडा, तीच पट्टी, फक्त स्प्रिंगच्या जागी रबराची गादी. मी तर पोलिसांत निघालो होतो! पेटंटचं उल्लंघन हा फौजदारी गुन्हाच नाही. दिवाणी दावा लावायचा, तोही जिल्हा न्यायालयात किंवा त्याच्या वर. वकिलांनी फाइल चाळून आमचंच उत्तर पुढे सरकवलं. "स्प्रिंग हीच करामत, हे तुम्हीच लिहून दिलंय. रबरही त्यात येतं हे आता पटवणं अवघड." पेटंटमध्ये लिहिलेली हक्काची हद्द दुरुस्तीत अरुंद करता येते, रुंद नाही, कलम 59 आडवं येतं. नवा अर्ज करावा, तर रबराची रचना एव्हाना जगजाहीर.

कायद्याने फसवलं असं नाही म्हणणार. स्प्रिंगला अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं दिलीच आहेत. सरकारी फीमध्ये लहान उद्योगाला सवलतही आहे. वकिलाच्या बिलात ती नसते, म्हणून आम्ही दावा लावला नाही.

नव्या झडपेच्या अर्जात 'दाब देणारं साधन' असं लिहिलंय. स्प्रिंग, रबर, वजन ही त्याची उदाहरणं. हल्ली फिटर प्रत्येक नमुन्यापाशी विचारतो, "साहेब, ह्याच्याऐवजी काय काय चालेल?" ती यादी होईपर्यंत नमुना शेडबाहेर जात नाही.