पाच पीपीटीची रेघ खाडीत कशी शोधायची

समुद्रविज्ञान किंवा किनारी संसाधन व्यवस्थापन घेऊन एम.एस्सी. करणाऱ्यांची प्रबंधाचा विषय निवडताना ठरलेली गल्लत होते. 'अमुक खाडीच्या पाण्याचे भौतिक-रासायनिक गुणधर्म' असा विषय घ्यायचा, महिन्यातून एकदा सोयीच्या दिवशी तीन ठिकाणचं पाणी भरायचं, चौदा घटक मोजायचे आणि शेवटी आलेख काढायचे. भरती होती की ओहोटी, उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती-ओहोटी) होतं की भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी), याची नोंदच नाही. मग डिसेंबरपेक्षा जानेवारीत सॅलिनिटी, म्हणजे क्षारता, चारने कमी दिसली की तिला हवामानाचं कारण शोधलं जातं. प्रत्यक्षात डिसेंबरात पाणी चढत होतं आणि जानेवारीत उतरत होतं, एवढाच फरक असतो.

त्यापेक्षा एकच आकडा घ्या आणि तो नीट मोजा. माझी पसंती पाच पीपीटीला, म्हणजे हजार भागांत पाच भाग क्षारांना, आहे, कारण तो कायद्यात लिहिलेला आहे. किनारी नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या, २०११ आणि २०१९ या दोन्ही अधिसूचनांत खाडी, नदी आणि बॅकवॉटरला नियम कुठपर्यंत लागू होतात ते क्षारतेवर ठरवलंय: वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात मोजलेली पाच पीपीटी क्षारता जिथपर्यंत पोहोचते, तिथपर्यंत. त्या हद्दीत खाडीच्या काठाला, भरती रेषेपासून जमिनीकडे, २०११ च्या अधिसूचनेनुसार १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यांतलं जे कमी ते क्षेत्र सीआरझेडमध्ये येत असे. २०१९ मध्ये १०० चे ५० झाले. ही रेघ दोन किलोमीटर वर सरकली की दोन्ही काठांवरची तेवढी घरं, वाड्या आणि बागा नियमांत येतात. खाली सरकली की सुटतात.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने भरतीचा परिणाम या रेघेच्या पुष्कळ वर जातो. खाडीच्या माथ्याकडे पाणी गोडं असतं, तरी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं. कायद्याने सोयीसाठी क्षारतेचा आकडा धरला. मात्र ही क्षारता भरतीच्या वेळी मोजायची की सुकतीच्या, पृष्ठभागावर की तळाशी, हे त्या वाक्यात नाही. प्रबंधाला लागणारा प्रश्न इथेच मिळतो: मोजण्याची वेळ आणि खोली बदलली तर रेघ किती हलते?

आता दिवस कोणता धरायचा. कोकणात सर्वांत कोरडा काळ म्हणजे एप्रिलचा उत्तरार्ध ते मेचा मध्य. वळवाची एक जोरदार सर घाटमाथ्यावर पडली तरी नदीचं पाणी वाढतं, म्हणून मे अखेरवर भिस्त ठेवू नका. या चार आठवड्यांत दोन उधाणं आणि दोन भांग मिळतात. निदान एक उधाण आणि एक भांग मोजायलाच हवा. उधाणात पाणी वर-खाली नीट ढवळलं जातं. भांगाला प्रवाह मंद असतो, त्यामुळे खारं पाणी तळाशी पाचरीसारखं घुसतं आणि वर गोड्या पाण्याचा थर तरंगतो. तळाची क्षारता धरली, तर काही खाड्यांत रेघ उधाणापेक्षा भांगालाच जास्त आत सापडू शकते.

वेळेसाठी आपला जुना हिशेब आजही चालतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती पूर्ण. हा हिशेब मुंबईचा. किनाऱ्याने दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी आधी येते, आणि कुठल्याही खाडीत आत जाल तशी उशिरा. बेत आखायला हा हिशेब पुरे आहे, पण नोंदीसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते किंवा हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्राचे अंदाज घ्या. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, हेही तक्त्यातच दिसेल. उधाण सर्वांत मोठं असतं ते अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी. म्हणजे उधाणाची भरती ऐन दुपारी आणि भांगाची सकाळी सहा-सातला. उधाणाच्या दिवशी मेच्या उन्हात भर दुपारी होडीत बसायचंय हे आधीच लक्षात घ्या आणि होडीवाल्यालाही सांगा, नाहीतर तो बाराला जेवायला जाईल आणि पाणी तुमच्यासाठी थांबणार नाही.

खाडी निवडताना वरून कुठलं पाणी येतं ते बघा. दाभोळची खाडी म्हणजे वाशिष्ठी नदी, आणि वाशिष्ठीत कोयना धरणाचं वीजनिर्मितीनंतरचं पाणी कोळकेवाडीवरून चिपळूणच्या बाजूला उतरतं. कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याची वार्षिक मर्यादा ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. हे पाणी पावसाळ्याच्या नव्हे, विजेच्या मागणीच्या तालावर येतं. त्यामुळे इथे 'सर्वांत कोरडा काळ' कॅलेंडरवरून ठरवता येत नाही. मोजणीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत किती पाणी सुटलं याची आकडेवारी महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीकडे लेखी मागा. पत्रव्यवहार फेब्रुवारीत सुरू केला तरच मेमध्ये हाती काही पडतं. तुलनेला अशी भानगड नसलेली खाडी हवी असेल, तर रत्नागिरीजवळची काजळीची भाट्ये खाडी किंवा मुचकुंदीची पूर्णगड खाडी बघा. गोव्यात मांडवी-जुवारीला वेगळा पेच आहे. कुंभारजुवे कालवा दोघींना आतून जोडतो, त्यामुळे खारं पाणी फक्त मुखाकडून येतं असं धरून चालत नाही.

नदीवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल आणि फळ्या घातलेल्या असतील, तर रेघ बहुधा बंधाऱ्याच्या पायाशीच येऊन थांबलेली असते: खाली बारा, वर शून्य. हेही उत्तरच आहे, पण ते निसर्गाचं नाही, फळ्यांचं. कुठल्या तारखेला किती फळ्या होत्या ते लिहून ठेवा.

होडीवरच्या कामाचं तंत्र सोपं आहे, पण त्यात घाई असते. भरतीचं पाणी सर्वांत उंच गेल्यावरही काही वेळ आत येतच राहतं. मग प्रवाह थांबतो. त्या थांबलेल्या क्षणी खारेपणा सर्वांत आत पोहोचलेला असतो, आणि हा क्षण मुखाकडून वरच्या दिशेने सरकत जातो. त्याच्याबरोबर होडीने वर जायचं. भरतीच्या लाटेचा वेग खोलीवर ठरतो: चार मीटर खोलीला ताशी साधारण २२ किलोमीटर, दोन मीटरला १६. घर्षण आणि वळणांमुळे प्रत्यक्षात फरक पडतो, पण वल्ह्याच्या होडीचं हे काम नाही एवढं या आकड्यांवरून कळतं. आऊटबोर्ड इंजिन हवं, आणि प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबता येत नाही. प्रवाह थांबलाय का, हे बघायला यंत्र लागत नाही. इंजिन बंद करून पाण्यात एक ओला नारळ सोडा. तो जवळपास पाण्याखाली बुडून तरंगतो, म्हणून वारा त्याला फारसा ढकलत नाही. थर्मोकोलचा तुकडा मात्र वाऱ्याबरोबर पळतो आणि प्रवाह आहे असं खोटंच सांगतो.

मुखाजवळ तीन-चार किलोमीटरला एक स्टेशन, म्हणजे मोजणीचं ठिकाण, पुरतं. क्षारता दहाच्या खाली गेली की दर ५०० मीटरला थांबा. पाच ओलांडून दोनच्या खाली गेलात की परत फिरा. अंतर मोजायचं ते पात्राच्या मध्यरेषेवरून, वळणं धरून. सरळ रेषेत मोजलं तर नागमोडी खाडीत किलोमीटरच्या किलोमीटर गळतात.

पाणी दोन खोल्यांवरून घ्या: पृष्ठभागाखाली अर्धा मीटर आणि तळाच्या वर अर्धा मीटर. निस्किन बाटली (दोन्ही टोकं उघडी ठेवून खाली सोडायची आणि हव्या त्या खोलीवर बंद करायची बाटली) सोडताना दोर तिरका होतो. ३० अंशांनी तिरका असेल तर पाच मीटर दोर सोडूनही बाटली ४.३ मीटरवरच असते. दोन किलोचं जादा वजन खाली बांधलं की दोर बराच सरळ राहतो. तिरक्या दोरावरून मेसेंजर, म्हणजे बाटलीचा चाप सोडवायला वरून सोडलेलं छोटं वजन, घासत जातो आणि कधीकधी चाप सुटत नाही. बाटली उघडीच वर येते आणि वरच्या थरातलं गोडं पाणी घेऊन येते. म्हणून मेसेंजर सोडल्यावर दोर दोन बोटांत हलका धरा, खाली टक्क असा झटका लागला पाहिजे. नाही लागला तर ते पाणी ओतून द्या, 'बहुधा बंद झाली असेल' असं म्हणू नका. बाटली तळाला टेकून गढूळ आली तरीही परत घ्या. नमुन्याची काचेची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा आणि बूच घट्ट लावा. उन्हात सैल बुचातून पाणी उडतं आणि क्षारता घरी येईपर्यंत वाढते.

सर्वांत जास्त चुका मात्र मोजण्याच्या उपकरणात होतात.

हातातला रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणारा) समुद्राच्या ३५ पीपीटीसाठी ठीक आहे. त्याच्यावर एक पीपीटीची रेघ असते, म्हणजे पाचच्या आसपास चूक वीस टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय आपोआप तापमान-दुरुस्ती बहुतेक उपकरणांत ३० अंशांपर्यंतच असते, आणि मेमध्ये खाडीचं पाणी त्याच्या वर असतं. बाजारात उसाच्या रसाचे आणि द्राक्षांचे ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, मोजणारे रिफ्रॅक्टोमीटरही दिसायला हुबेहूब तसेच असतात. विभागाच्या कपाटातला उचलण्याआधी आतली पट्टी वाचा.

कंडक्टिव्हिटी मीटर, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा, या कामाला उत्तम, पण दोन अटींवर. पहिली, तो १२.८८ मिलिसीमेन्सच्या पोटॅशियम क्लोराइड द्रावणावर जुळवलेला हवा. पाच पीपीटी म्हणजे २५ अंशांना सुमारे ९ मिलिसीमेन्स, त्यामुळे पिण्याच्या पाण्यासाठीच्या १.४१३ च्या द्रावणावर जुळवून चालत नाही. दुसरी, टीडीएसचा (एकूण विरघळलेल्या क्षारांचा) आकडा क्षारता म्हणून लिहायचा नाही. टीडीएस म्हणजे मीटरने वाहकतेला एका ठरावीक गुणकाने गुणून दिलेलं उत्तर. गुणक ०.५ असेल तर त्याच ९ चे ४.५ होतात, ०.७ असेल तर ६.३. एकच पाणी एका मीटरने सीआरझेडच्या बाहेर आणि दुसऱ्याने आत! मीटर क्षारता १९७८ च्या व्यावहारिक प्रमाणावर देतो का ते पाहा. ते प्रमाण २ ते ४२ याच पल्ल्यात वैध आहे, त्यामुळे दोनच्या खालच्या आकड्यांना दशांश चिकटवण्यात अर्थ नाही.

पडताळणीला सिल्व्हर नायट्रेटचं टायट्रेशन कराच, निदान पाचच्या आसपासच्या सात-आठ नमुन्यांचं. लिटरला २७.२५ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट आणि १० मिली नमुना घेतला की जितके मिली लागतात तितकी साधारण क्षारता, थोड्या दुरुस्तीने. पण पाच पीपीटीला पाच मिलीही लागत नाहीत, आणि एवढ्याशा आकारमानात ब्युरेटमधला एक थेंबही टक्काभर फरक पाडतो. म्हणून नमुना २५ मिली घ्या आणि उत्तराला अडीचने भागा. पोटॅशियम क्रोमेटचे पाच-सहा थेंब टाकल्यावर पाणी पिवळं होतं, आणि सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका दह्यासारखा गोळा व्हायला लागतो. त्या गुठळ्यांत क्लोराइड अडकून राहतं, म्हणून फ्लास्क सतत आणि जोरात हलवा. विटकरी छटा येते आणि हलवल्यावर जाते. जात नाही, फिकट का होईना टिकते, तिथे थांबा. गडद लाल होऊ दिलंत तर पुढे गेलात. नळाच्या पाण्याने फ्लास्क धुऊन वापरला तर त्यातलं क्लोराइडही मोजलं जाईल, डिस्टिल्डच वापरा. उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका. क्रोमेट विषारी आहे, आणि चांदी परत मिळवता येते.

आता रेघ काढू. समजा मुखापासून २४.० किलोमीटरवर क्षारता ७.२ आणि २५.५ वर ३.९ आली. सरळ प्रमाणाने पाचची जागा २५.० वर येते. पण माथ्याकडे क्षारता सरळ रेषेत उतरत नाही, घातांकाने घटते. लॉगरिदम घेऊन केलं तर २४.८९. फरक ११० मीटरचा पडला, कारण दोन स्टेशनांत दीड किलोमीटर अंतर होतं. ५०० मीटरवर थांबला असतात तर हा वादच उरला नसता. १ : २५,००० च्या किनारी व्यवस्थापन आराखड्यावर ११० मीटर म्हणजे साडेचार मिलिमीटरहून थोडं कमी, डोळ्यांना सहज दिसणारं. जीपीएसची तीन ते पाच मीटरची चूक त्यापुढे किरकोळ. भरती रेषा स्वतः आखायला जाऊ नका. २०१९ च्या अधिसूचनेसाठी ती चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारी व्यवस्थापन केंद्राने आखलेलीच धरली जाते. तुमचं काम खाडीच्या लांबीवरची हद्द तपासण्याचं आहे.

परवानगीबद्दल थोडक्यात. पाण्यात होडीवरून काम असेल तर अडचण सहसा येत नाही. पण काठावरच्या कांदळवनात शिरून चिखल किंवा रोपं घ्यायची असतील, तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या. मे हुकला आणि जूनमध्ये जाऊ म्हणाल, तर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, होड्या शाकारलेल्या असतात, आणि नदीला पूर आलेला असतो. थेट पुढचा उन्हाळा.

नकाशावर शेवटी चार खुणा येतील: उधाण पृष्ठभाग, उधाण तळ, भांग पृष्ठभाग, भांग तळ. त्यांची सरासरी काढून एकच रेघ मारण्याचा मोह होतो, गाइडही कदाचित तेच सुचवतील. चारही तशाच ठेवा, सर्वांत वरची आणि सर्वांत खालची यांच्यामधला पट्टा रंगवा, आणि मंजूर आराखड्यातली हद्द त्या पट्ट्यात कुठे पडते ते दाखवा. प्रत्येक खुणेशेजारी तारीख, तिथी, भरतीची वेळ आणि खोली लिहा.